कप नाहीत तरी पंढरी कशी?

मागच्या अंकात एका आईला पोराचे बूट कुठले घ्यावेत हे सांगता सांगता मी सहज एक वाक्य टाकलं होतं, की लॉर्ड्स जशी क्रिकेटची पंढरी तशी न्यूयॉर्क ही बास्केटबॉलची पंढरी. बुटांबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. पण त्या पंढरीवरून इतके मेल आणि व्हॉट्सअॅप आले की संपादक म्हणाले, ताई हा अख्खा कॉलम तुम्हाला दिला, आता निस्तरा. तर निस्तरते. पाचच प्रश्न घेतलेत, बाकीचे फिरून फिरून तेच आहेत.

प्रश्न : ताई, माझा मुलगा नववीत आहे. पहाटे साडेपाचला चादरीत मोबाईल घेऊन एनबीए (अमेरिकेतली बास्केटबॉलची लीग) बघतो आणि मग शाळेत पेंगतो, तो मुद्दा वेगळा. तो लेकर्सवाला, म्हणजे लॉस एंजेलिसच्या टीमचा. तुमचं वाक्य वाचून दाखवलं तर म्हणाला, १९७३ नंतर पन्नास वर्षं ज्यांना एक टायटल मिळालं नाही त्यांची कसली आलीय पंढरी? मी कामानिमित्त दोनदा न्यूयॉर्कला गेलोय, मला तुमचं पटतं, पण त्याला उत्तर देता आलं नाही. घरात दोन तट पडलेत. निकाल द्या. (एक बाबा, वर्तकनगर, ठाणे)

उत्तर : दादा, हिशोबच मांडायचा तर पोरगा जिंकला. न्यूयॉर्क निक्स ही लीगच्या अगदी पहिल्या दिवसाची टीम, १ नोव्हेंबर १९४६ ला टोरांटोला जी पहिली मॅच झाली ती ह्यांचीच, ६८-६६ ने जिंकलेसुद्धा, आणि लीगची पहिली बास्केट टाकली ती न्यूयॉर्कच्याच ऑसी शेक्टमनने. एवढा पहिला मान मिळाला आणि पुढे काय, तर १९७० ला एक टायटल, १९७३ ला दुसरं, की नंतरची पन्नास वर्षं कोरडी. १९९४ ला फायनलला गेले, ह्यूस्टनकडून सातव्या मॅचला हरले. १९९९ ला परत गेले, सॅन अँटोनियोने पाच मॅचमध्ये गुंडाळलं. तिकडे बॉस्टनची २०२४ पर्यंत १८, लेकर्सची १७ (त्यातली पाच मिनियापोलिसला असतानाची, हे चिरंजीवांना मुद्दाम ऐकवा, आवाज जरा खाली येईल), आणि शिकागोची सहा, तीसुद्धा सगळी आठ वर्षांत.

पण मी पंढरी म्हटलं होतं, चॅम्पियन नव्हतं म्हटलं. पंढरपूरला कोण जिंकतं हो? लोक पंधरा-वीस दिवस चालत जातात, कळसाला हात जोडतात आणि एसटीने घरी येतात. लॉर्ड्सचंच बघा ना, इंग्लंड तिथे किती जिंकलं आणि किती हरलं हे आपल्यापैकी कोणाला पाठ आहे? आपल्याला पाठ आहे ते वेंगसरकर, ७९, ८२ आणि ८६, तीन दौरे आणि तीन शतकं. आणि सचिनचं तिथे टेस्टमध्ये एकही शतक नाही याची हळहळ माझ्या भावाला अजून आहे, घरात दुसरं काही दुःख नसल्यासारखी. म्हणजे बाहेरच्याने येऊन तिथे काहीतरी करून दाखवलं की त्याला वजन येतं. ती पंढरी. यजमान जिंकतात का हरतात ते नंतर बघू.

मॅडिसन स्क्वेअर गार्डनचं, म्हणजे निक्सच्या घरच्या स्टेडियमचं, अगदी हेच आहे. मायकेल जॉर्डन मधे बेसबॉल खेळायला गेला होता ना, तो मार्च १९९५ मध्ये परत आला, आणि आल्यावर पाचव्याच मॅचला गार्डनमध्ये निक्सविरुद्ध ५५ पॉइंट केले. कोबी ब्रायंटने २००९ ला तिथेच ६१. स्टेफ करीने सर्वात जास्त थ्री-पॉइंटरचा रेकॉर्ड मोडला तो डिसेंबर २०२१ ला, कुठे, तर गार्डनमध्ये. मॅच थांबवली, त्याने बापाला मिठी मारली, ज्याचा रेकॉर्ड मोडला तो रे ॲलनही तिथेच होता, आणि सगळं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवतंय. ह्या तिघांतला एकही न्यूयॉर्कच्या टीमचा नाही आणि तिन्ही वेळा घरची टीम समोर होती. वाशीच्या माणसाला डोंबिवलीत जाऊन टाळ्या मिळवून दाखवा म्हणावं.

आता हे देवपण आलं कुठून, तर त्यात थोडी पेपरवाल्यांची कारागिरी आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. नेड आयरिश म्हणून न्यूयॉर्कच्या एका पेपरात खेळाच्या बातम्या देणारा माणूस होता. त्याने १९३४ च्या डिसेंबरमध्ये गार्डन भाड्याने घेऊन एका तिकिटात दोन कॉलेज मॅच लावल्या. मंदीचा काळ, लोकांच्या खिशात पैसे नाहीत, तरी १६ हजारांवर लोक आले. मग दर वर्षी लांबलांबच्या कॉलेजांना वाटायला लागलं की आपल्याला नाव मिळवायचं तर गार्डनला खेळलं पाहिजे, कारण सगळे मोठे पेपर, नंतर टीव्हीवाले, सगळे तिथेच चालत जायच्या अंतरावर. देवळाच्या शेजारीच छापखाना असेल तर महिमा वाढणारच की. आत्ताचं गार्डन त्यानंतरचं, १९६८ चं, ते पेन स्टेशनच्या डोक्यावर बांधलंय. म्हणजे ठाणे स्टेशनच्या वर दादोजी कोंडदेव स्टेडियम उचलून ठेवलं तर कसं होईल तसं. लोकलमधून उतरा, जिना चढा, मॅच बघा, जिना उतरा, लोकल पकडा.

आणि ह्या पंढरीत बडवेगिरीही झालीय. न्यूयॉर्कचं सिटी कॉलेज, सीसीएनवाय, फी नसलेलं, गरीब ज्यू आणि काळ्या मुलांचं कॉलेज, त्यांनी १९५० ला देशातल्या दोन्ही मोठ्या कॉलेज स्पर्धा एकाच वर्षी जिंकल्या, तसं दुसऱ्या कोणालाही जमलेलं नाही. शहर नाचलं. आणि १९५१ मध्ये त्याच टीमच्या पोरांना अटक. त्यांनी मॅच हरायलाच हवी असं नव्हतं, कमी फरकाने जिंकली तरी चालायचं, कारण सट्टा फरकावर लागायचा. पोरांना वाटलं जिंकतोय ना आपण, मग पाप कसलं. नुसतं सीसीएनवायच नाही, शहरातली आणखी कॉलेजं आणि बाहेरचीही अडकली. कॉलेज बास्केटबॉलचं केंद्र गार्डनमधून उठलं ते उठलंच.

तेव्हा मुलाला सांगा टायटल तुझी, पंढरी बाबांची. आणि रात्री दहाला झोपव त्याला म्हणावं बायकोला, पहाटे खुशाल उठू दे. माझं ऐका, ह्या वयात पहाटे उठायला दुसरं कुठलंच कारण सापडत नाही त्यांना.

प्रश्न : ताई मी नेरूळला राहते, कॉलेजच्या टीममध्ये गार्ड खेळते. आमचे सर म्हणतात न्यूयॉर्कची पोरं गल्लीत खेळून बिघडलेली असतात, सगळा भपका, शूटिंग (लांबून रिंगमध्ये बॉल टाकणं) शून्य, त्यांचे रील्स बघू नकोस. खरंय का? आणि पंढरी पंढरी चाललंय त्यात बायका कुठे आहेत? (सेकंड इयर, नेरूळ)

उत्तर : तुझा प्रश्न मला सगळ्यात आवडला म्हणून जरा सैल हाताने लिहिते.

सर अर्धे बरोबर आहेत. ते अर्धं का बरोबर आहे ते कळलं तर रील्स बघायला हरकत नाही. न्यूयॉर्कचं पार्कातलं कोर्ट डोळ्यासमोर आण. खाली डांबर नाहीतर सिमेंट, चारी बाजूंनी उंच जाळी, रिंग जाड लोखंडाची, नेट कधी साखळीचं आणि कधी नाहीच. अशा रिंगवर लांबून मारलेला बॉल जरा कडेला लागला की टण्णकन रस्त्यावर जातो. त्यात वारा. मग पोरं काय करणार, बॉल घेऊन आत घुसणार, तीन जणांच्या मधून हात बदलून लेअप टाकणार. म्हणून तिथल्या गार्डची हँडल, म्हणजे बॉलवरचा ताबा, बघत राहावी अशी असते आणि शूटिंगला नावं ठेवली जातात.

दुसरं म्हणजे जागा कमी आणि पोरं जास्त. नियम एकच, जिंकला तो कोर्टवर, हरला तो बाहेर. पुढच्या गेमला कोण ते बाहेर उभं राहून आधीच सांगून ठेवायचं असतं, आणि हरलीस तर पाऊण तास, एक तास जाळीला टेकून उभी राहा. असं एकदा उभं राहिलं ना की माणूस दुसऱ्यांदा डिफेन्सला आळस करत नाही. फाउल मागितला तर सगळे तुझ्याकडे असे बघतात की तू पुन्हा मागत नाहीस. हे मी न्यूयॉर्क न बघता सांगतेय कारण ८८-८९ ला ठाण्यात आमच्या कॉलेजचं कोर्टही असंच होतं (नाव घेत नाही, प्रिन्सिपलसर अजून भाजी घ्यायला भेटतात). एकच रिंग सरळ, दुसरी पोरांनी लटकून लटकून पुढे वाकवलेली. बॉलवरचे दाणे झिजून तो टकला झालेला, घाम लागला की हातातून साबणासारखा निसटायचा. त्या वाकलेल्या रिंगला बोर्डवरून मारलं तर जायचंच नाही, वरून सोडावा लागायचा. पुढे युनिव्हर्सिटीला लाकडी कोर्टवर गेले तर सरळ रिंगला माझे सगळे शॉट आखूड पडायला लागले. सर म्हणतात तो बिघाड हाच.

पण बिघडून काय काय झालं तेही बघ. टायनी आर्चिबाल्ड, न्यूयॉर्कमधल्याच ब्राँक्सचा, ह्या खेळात बुटकाच म्हणायचा, सहा फूट एक इंच, त्याने १९७२-७३ च्या सीझनला मॅचमागे ३४ पॉइंट आणि ११.४ असिस्ट केले, दोन्हीत लीगमध्ये पहिला. म्हणजे स्वतःही टाकायचा आणि दुसऱ्यालाही द्यायचा. आणि शूटिंग शून्य म्हणणाऱ्या सरांना विचार की ख्रिस मलिन कुठला? ब्रुकलिनचा, डावखुरा, ऑलिंपिकच्या १९९२ च्या ड्रीम टीममध्ये होता तोच. त्याच्यासारखी शूटिंग फार कमी जणांना जमलीय.

आता हार्लेमची, न्यूयॉर्कमधल्या काळ्यांच्या जुन्या वस्तीची, गोष्ट सांगते, कारण माझ्या मते गार्डन बाजूला ठेवलं तरी चालेल, पंढरीचा विठोबा उभा आहे तो हार्लेममध्ये. होल्कम रकर म्हणून महापालिकेच्या उद्यान खात्यात मैदान सांभाळणारा माणूस होता. महापालिकेचा नोकर बरं का, आपल्याकडे बागेत शिट्टी घेऊन फिरतात ना, तसा. त्याने १९५० च्या सुमाराला वस्तीतल्या पोरांसाठी टुर्नामेंट सुरू केली. खेळायचं असेल तर आधी शाळेचं प्रगतिपुस्तक दाखव, असा त्याचा खाक्या. शेकडो पोरांना त्याने कॉलेजच्या स्कॉलरशिपपर्यंत पोचवलं, आणि १९६५ ला, चाळिशीच्या आतच, कॅन्सरने गेला. १५५ व्या रस्त्यावरच्या ज्या कोर्टवर ती टुर्नामेंट गाजली त्या पार्कला पुढे त्याचंच नाव दिलं. विल्ट चेंबरलेन तिथे खेळला, हार्लेममध्येच जन्मलेला करीम अब्दुल-जब्बार खेळला, ज्युलियस अर्विंग खेळला. अर्विंगच्या मॅचला लोक झाडांवर, जाळीवर, शेजारच्या गच्च्यांवर, ठाण्यात दहीहंडीला नाक्यावरच्या बिल्डिंगा जशा माणसांनी लगडतात अगदी तसे. तिकीट नाही, पास नाही. २०११ ला एनबीए मालक-खेळाडूंच्या भांडणात बंद होती तेव्हा केव्हिन ड्युरांट असाच एका संध्याकाळी येऊन ६६ पॉइंट करून गेला.

आणि जे कुठेच पोचले नाहीत तेही तिथे मोठेच. अर्ल मॅनिगॉल्टबद्दल सांगतात की तो उडी मारून बोर्डाच्या वरच्या कडेवरचं नाणं उचलायचा. रिंग १० फुटांवर, बोर्डाची वरची कड १३ फुटांवर आणि हा सहा फूट एक इंच, आता तूच ठरव किती विश्वास ठेवायचा ते, मी निम्मा ठेवते. एनबीएत एक मॅच खेळला नाही. हेरॉइन, जेल, मग परत येऊन त्याच वस्तीत पोरांसाठी टुर्नामेंट भरवली, १९९८ ला गेला. टायटलच्या यादीत हा कुठेच नाही. पण तिथल्या पोरांना निक्सच्या निम्म्या टीमची नावं माहीत नसतील, हे नाव असतं.

आता बायका. नॅन्सी लीबरमन, क्वीन्सच्या पार टोकाला फार रॉकअवेला राहायची, शाळकरी वयात एकटी सबवेने हार्लेमला जायची, मुलांबरोबर खेळायला. नकाशा काढून बघ, शहराच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. तू नेरूळहून ट्रान्स हार्बरने ठाण्याला यायचं आणि मग आणखी कसाऱ्याच्या दिशेने निघायचं, असं काहीसं समज. १९७६ ला ऑलिंपिकमध्ये बायकांचं बास्केटबॉल पहिल्यांदा आलं तेव्हा ती जेमतेम अठराची, सिल्व्हर घेऊन आली. आणि टायटलचा दुष्काळ म्हणतायत ना सगळे? न्यूयॉर्क लिबर्टी, बायकांची टीम, १९९७ पासूनची, पाच वेळा फायनलला जाऊन हरलेली, त्यांनी २०२४ ला मिनेसोटाला पाचव्या मॅचमध्ये ओव्हरटाइमला हरवून आणलं टायटल. पहिल्या पत्रातल्या बाप-लेकाच्या लक्षातही आलं नाही बघ, आणि खरं सांगू, मागच्या अंकात ते वाक्य लिहिताना माझ्याही आलं नव्हतं.

रील्स बघ. पण रोज दोनशे शॉट मारून झाल्यावर.

प्रश्न : आम्ही दोघं मे-जूनमध्ये मुलीकडे न्यू जर्सीला जातोय. ह्यांना बास्केटबॉलचं वेड, मला नाही. तिथे जाऊन काय बघावं? तिकिटं परवडणार नाहीत. (आजी, नौपाडा)

उत्तर : काकू, मॅचचं तिकीट काढूच नका. ट्रेनने न्यूयॉर्कला याल ती बहुतेक पेन स्टेशनलाच याल, म्हणजे गार्डनच्या खालून आपोआप जाणं होईल, बाहेर येऊन काकांचा एक फोटो काढा. मग सबवेने वेस्ट फोर्थ स्ट्रीट. स्टेशनच्या तोंडाशीच कोर्ट आहे, त्याला केज म्हणतात, म्हणजे पिंजराच. आकाराने नेहमीच्या कोर्टपेक्षा लहान, त्यामुळे दहा धिप्पाड माणसं एकमेकांच्या अंगावर, आणि जाळीला नाक लावून फुटपाथवर उभं राहायचं, फुकट. उन्हाळ्यात गेलात तर नक्की कोणीतरी खेळत असतं. तुम्हाला कंटाळा आला तर तो भाग ग्रीनविच व्हिलेजचा आहे, कॉफीची दुकानं पावलागणिक, तुम्ही बसा, काका दोन तास हलणार नाहीत. रकर पार्कला दुपारी जाऊन या. आणि काका हार्लेम ग्लोबट्रॉटर्स, हार्लेम ग्लोबट्रॉटर्स करत असतील तर त्यांना सांगा की ती टीम १९२० च्या दशकात शिकागोत तयार झालीय, हार्लेम नुसतं नावात. हार्लेमची खरी टीम म्हणजे रेन्स, १९२३ ची, सगळे काळे खेळाडू, नाचाच्या हॉलमध्ये मॅचेस व्हायच्या आणि मॅच संपली की तिथेच लोक नाचायचे. १९३९ ला त्यांनी व्यावसायिक टीमची जागतिक स्पर्धा जिंकली, आणि तीसुद्धा शिकागोत जाऊन.

प्रश्न : आपले विधान अभ्यासपूर्ण वाटत नाही. बास्केटबॉलचा जन्म स्प्रिंगफील्ड येथे झाला. भक्ती म्हणाल तर इंडियाना, देश म्हणाल तर लिथुएनिया, खेळाडू म्हणाल तर शिकागो. न्यूयॉर्क हा केवळ प्रसिद्धीचा फुगा आहे. खुलासा करावा. (निवृत्त प्राध्यापक, ऐरोली)

उत्तर : सर, खुलासा करते, पण उभी करून विचारल्यासारखं वाटलं हो.

स्प्रिंगफील्ड मान्य. डिसेंबर १८९१, वायएमसीए ह्या ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये जेम्स नेस्मिथने थंडीत आतल्या आत खेळता यावं म्हणून १३ नियम लिहिले आणि पीचच्या दोन टोपल्या बाल्कनीच्या कठड्याला ठोकल्या. पहिली मॅच नऊ-नऊ जणांची, स्कोअर १-०, आणि टोपलीला बूड होतं म्हणून बॉल काढायला चढावं लागायचं. पण सर, देव जन्मला मथुरेला, राज्य केलं द्वारकेला आणि विटेवर उभा राहिला तो पंढरपुरात. जन्मदाखला ही वेगळी गोष्ट. तिथे त्यांनी हॉल ऑफ फेम बांधलाय, तो त्यांचा मान.

इंडियानाच्या भक्तीला मात्र मी नमस्कार करते. गावात माणसं कमी आणि शाळेच्या जिमच्या खुर्च्या जास्त, अशी तिथली कथा. १९५४ ला मिलान नावाच्या एवढ्याश्या गावातल्या शाळेने राज्याचं टायटल जिंकलं, ते अजून सांगतात. लिथुएनियाही कबूल, अख्ख्या देशाची लोकसंख्या ३० लाखांच्या आत, आपल्या ठाणे जिल्ह्यात बसवली तर जागा उरेल, आणि १९९२ ला पुन्हा स्वतंत्र झाल्यावर पहिल्यांदा बार्सिलोनाच्या ऑलिंपिकला गेले तर ब्राँझ घेऊन आले. मोठा खेळाडू साबोनिस त्यांच्या काउनास शहराचा. शिकागोवरही वाद नाही, आयझेया थॉमस, ड्वेन वेड, डेरिक रोझ, अँथनी डेव्हिस, सगळे तिथलेच. जॉर्डन तर न्यूयॉर्कवाले आपला म्हणतात तेव्हा मलाच लाज वाटते, जन्म ब्रुकलिनच्या हॉस्पिटलातला, वाढला नॉर्थ कॅरोलिनात, खेळला शिकागोला.

आणि आजचं म्हणाल तर तुमचा फुगा आणखी टोचते मी. २०१९ ते २०२५ सलग सात वर्षं लीगचा एमव्हीपी, म्हणजे वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू, हा अमेरिकेबाहेर जन्मलेला माणूस आहे, ग्रीसचा, सर्बियाचा, कॅमेरूनचा, कॅनडाचा. न्यूयॉर्कची चांगली पोरं हल्ली शाळेतच बाहेरच्या राज्यातल्या बोर्डिंगवाल्या शाळा उचलून नेतात. म्हणजे न्यूयॉर्कमध्ये सर्वात चांगलं बास्केटबॉल खेळलं जातं असं माझं म्हणणंच नाहीये. इंडियानात शाळेची टीम अख्ख्या गावाची असते, काउनासला क्लब शहराचा असतो, तिथे बघे खूप आणि खेळणारे निवडक. न्यूयॉर्कच्या पार्कात टीम नसतेच. कुठलाही अनोळखी माणूस बूट बांधून येतो, "पुढचा गेम माझा" म्हणतो आणि त्याला खेळायला घ्यावंच लागतं, मग तो ड्युरांट असो नाहीतर भांडी घासून आलेला पोरगा. ह्याला मी पंढरी म्हणते. बडवे सगळीकडे आहेत, पण पायरीपर्यंत कोणी अडवत नाही.

प्रश्न : ताई मी कळव्याला राहतो अकरावीला आहे. न्यूयॉर्क वगैरे ठीक आहे पण आपल्या इथे कुठे आहे पंढरी?? आमच्या सोसायटीत रिंग आहे पण खेळू देत नाहीत. प्लीज सांगा. (कळवा)

उत्तर : आहे रे. आणि तुझ्या लोकलच्याच लाइनवर आहे.

भायखळ्याला उतर आणि नागपाड्याला चालत जा. मुंबईच्या बास्केटबॉलवाल्यांना नागपाडा म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. मस्तान वायएमसीएचं कोर्ट, बच्चू खान मैदान, आणि त्याआधी नागपाडा नेबरहूड हाऊस. हे नेबरहूड हाऊस क्लिफर्ड मॅनशार्ट ह्या अमेरिकन मिशनऱ्याने गिरणी-गोदीच्या वस्तीत चालवलं, तुझ्या ताई-दादाला टिस माहीत असेल, देवनारची, समाजकार्य शिकवणारी, ती संस्थाही १९३६ ला ह्याच घरात सुरू झाली. आणि गंमत बघ, खेळ जन्मला वायएमसीएच्या शाळेत, त्या शाळेत शिकलेल्या हॅरी क्रो बकने १९२० ला मद्रासला वायएमसीएचं शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं, आणि मुंबईत तो मुरला तोही वायएमसीएच्या कोर्टवर. अब्बास मुंतसीर नागपाड्याचा, भारताचा कॅप्टन झाला, १९७० चं अर्जुन अवॉर्ड त्याला मिळालं. त्याच्यामागून त्या चार गल्ल्यांतून इतकी पोरं रेल्वे, कस्टम्स, बँका अशा टीममध्ये लागली की आई-बापच पोराला कोर्टवर सोडून यायचे.

कारणं तीच, हार्लेमची. खोल्या लहान, गल्ल्या अरुंद, क्रिकेटला मैदान पुरत नाही पण बास्केटबॉलला दोन खांब पुरतात, वस्तीत सगळ्या जातीधर्माची माणसं, आणि संध्याकाळी शिट्टी घेऊन उभा राहणारा एक तरी वेडा. २०१९ ला वरळीच्या डोममध्ये एनबीए आली होती दोन दिवस, इंडियाना पेसर्स आणि सॅक्रॅमेंटो किंग्स, पहिली मॅच ओव्हरटाइमला १३२-१३१. पहिल्या दिवशी स्टेडियम शाळेच्या मुलांनी भरलेलं, मी टीव्हीवर बघताना घसा बसेपर्यंत ओरडले. पण तिसऱ्या दिवशी तिथे बॉल घेऊन गेला असतास तर कोणी आत घेतलं नसतं. नागपाड्यात तिसऱ्या दिवशीही खेळ चालू होता.

सोसायटीचं म्हणशील तर मी सध्या घोडबंदर रोडला राहते, आमच्याकडेही रिंग आहे. ब्रोशरवर होती म्हणून बिल्डरने लावली. पहिल्या वर्षी नेट होतं, मग नेट गेलं, मग तळमजल्यावरच्या कोणालातरी बॉलचा आवाज सहन होईना, मग पाटी लागली, "संध्या. ५ ते ७ फक्त", मग त्या ५ ते ७ मध्ये गरब्याची प्रॅक्टिस, मग तिथे दोन स्कूटर कायमच्या उभ्या राहायला लागल्या. मी एकदा मीटिंगमध्ये उठून बोलले. सेक्रेटरी म्हणाले, मॅडम तुमच्या वयात कशाला. स्कूटर अजून तिथेच आहेत, त्यातल्या एकीचं टायर कोणीतरी रोज सोडतं, मला विचारू नका.

तू असं कर, तीन पोरं जमव आणि चौथा मिळाला तर आणखी बरं. रविवारी सकाळी सातच्या आत निघा, डब्यात जागा मिळते. बॉल स्वतःचा न्या आणि पंपाची सुई लक्षात ठेवून घ्या, ती कोणाकडेच नसते. बाहेर उभं राहून आधी नुसतं बघा, मग विचारा. आत घेतील, पण पहिला गेम बहुतेक हराल, आणि हरलात तर बाहेर बसायचं, नियम तिथेही तोच आहे. पाण्याची बाटली भरून न्या, बसणं जरा लांबेल.